पहिल्याच चित्रपटात छाप पाडणारे कलाकार कोणते?

रिंकू राजगुरू. बाकीची नावं नंतर.

मी माळशिरस तालुक्यातली, रिंकू त्याच तालुक्यातल्या अकलूजची. 'सैराट'मधली तिची आर्ची बोलते ते आमच्या घरातलं बोलणं. त्याच बोलण्यापायी पुण्यात कॉलेजच्या एकांकिकेत माझी नायिका हुकली. वाचन झालं, आवाज खणखणीत आहे असं सगळे म्हणाले, आणि दिग्दर्शन करणारा सीनियर म्हणाला, "तू मोलकरीण कर, तुला वेगळं काही करावंच लागणार नाही." केली. हशा आला. तो संवादाला नव्हता, माझ्या हेलाला होता, एवढं स्टेजवर उभ्या माणसाला कळतं.

2016 च्या एप्रिलमध्ये 'सैराट' लागला आणि हाच गृहस्थ कॉलेजच्या ग्रुपवर लिहितो, "पोरगी भारी आहे, पण हा अभिनय नाही. ती आहेच तशी."

बुलेट, ट्रॅक्टर, दमदाटी हे एकवेळ तिच्या आसपासचं धरू. पण मध्यंतरानंतरचं हैदराबाद? शाळकरी पोर ती. घरदार तोडून परमुलखातल्या झोपडपट्टीत संसार मांडणं ती कधी जगली होती? तिथे आर्चीचा सगळा तोरा उतरतो, तो उतरताना दिसतो, आणि आईला फोन लावते तेव्हा ही तीच पोरगी का असं वाटतं. चित्रपट लागायच्या आधीच 63 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला होता, तो काय बुलेट चालवल्याबद्दल? हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. साहेबांनी अंगठा टाकला.

आता बाकीचे. 'फँड्री'चा जब्या, सोमनाथ अवघडे. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार. 'कोर्ट'मधले वीरा साथीदार, नागपूरचे कार्यकर्ते, शाहीर नारायण कांबळे झाले. आणि 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'तले झेलेअण्णा, म्हणजे निळू फुले. 'आहेच तसा' म्हणणाऱ्यांनी इथे उत्तर द्यावं. पडद्यावर बायाबापड्यांनी बोटं मोडावीत असा माणूस, आणि प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता!

हां, निळूभाऊ पडद्याला नवे होते, रंगमंचाला नव्हेत. सेवा दलाचं कलापथक आणि 'कथा अकलेच्या कांद्याची' हे वगनाट्य आधीचं. त्यामुळे काटेकोर धरलं तर ते तुमच्या यादीत बसायचे नाहीत. रिंकू आणि सोमनाथच्या कामात दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचाही मोठा वाटा आहे, आणि 'सैराट'नंतर रिंकूला त्या तोडीची भूमिका मिळालेली नाही, हेही खरं.

तुम्ही स्वतः ऑडिशन वगैरे देणार असाल म्हणून विचारत असाल, तर प्रमाणभाषा जरूर शिका, कामाला येते. पण गावचा हेल घासून काढू नका. कुणी "तुला वेगळं काही करावं लागणार नाही" म्हणत भूमिका दिली, तर तिथल्या तिथे विचारा, मग नायिकेला काय वेगळं करावं लागणार आहे? मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा, आणि तो काय म्हणाला ते मलाही कळवा.