एकट्यानं शंभर किलोमीटर जमतात, पण पहिल्याच रोड रेसमध्ये घोळक्यातून सुटेन का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं सायकल चालवताय, एकट्यानं शंभर किलोमीटर तीसच्या सरासरीनं होतात आणि आता पहिल्यांदाच शनिवार-रविवारच्या स्पर्धेत नाव दिलंय. शनिवारी २० किलोमीटरची टाइम ट्रायल, रविवारी ८० च्या आसपासची रोड रेस. घोळक्यातून सुटेन का, म्हणजे मागे पडून एकटा राहीन का, आणि त्याआधी डीप रिमची, म्हणजे हवा कापायला उंच कडा असलेली महागडी चाकं घ्यावीत का?

बहुधा सुटाल. मीही सुटलो होतो. पण जिथे सुटेन असं वाटत होतं तिथे नाही, आणि खरं तर तेच सांगायला हे लिहायला बसलोय. चाकांचं शेवटी बघू.

आधी शनिवार. टाइम ट्रायलमध्ये एकेकाला ठरावीक अंतरानं सोडतात आणि दुसऱ्याच्या मागे लपायला मनाई असते. म्हणजे खेळ तुमच्या ओळखीचाच, एकट्याचा. मागून एक जण सीट धरून उभा असतो, तुमचे दोन्ही पाय पॅडलला अडकवलेले असतात आणि समोरचा माणूस पंजा उघडून एकेक बोट मिटत जातो. त्या पाच सेकंदांत माझे ठोके १५० वर गेले होते, पाय अजून हललेही नव्हते.

सुटलो तो सुटलोच. जाताना वारा पाठीवर होता. सायकलवरच्या स्क्रीनवर वेगाचा ४१ चा आकडा बघून वाटलं, आज आपण काहीतरी भलतंच करून दाखवणार. पहिले १० किलोमीटर १४ मिनिटं ४० सेकंदांत. वळसा घेतला आणि वाऱ्यानं सरळ कानाखाली काढली. परतीच्या १० किलोमीटरना १९ मिनिटं ३२ सेकंद लागले. शेवटी शेवटी तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायला हॅंडलवरचा हात काढायची हिंमत होत नव्हती.

यातलं गणित आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनानं. बिनवाऱ्याच्या सपाट रस्त्यावर ३६ चे ४० करायचे तर वेग वाढतो ११ टक्के, पण हवेपुरती ताकद लागते जवळजवळ ३७ टक्के जास्त. वेग आधीच चढा असताना ओतलेली जादा ताकद चार-दोन सेकंद वाचवते, एवढंच. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, म्हणून ताकद तिथे खर्चायची. पाठीवरच्या वाऱ्यात हात किंचित आखडता. आणि पहिली तीन मिनिटं 'हे फारच सोपं जातंय' असं वाटलं, तर वेग बरोबर आहे असं समजा.

रात्री काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे: जेवा, झोपा. झोप लागणार नाही, चालतं.

आता रविवार. इथे तुमचा एकट्याचा शंभर किलोमीटरचा अनुभव अर्धाच कामाला येतो. एकट्यानं चालवताना ताकद सपाट रेषेसारखी जाते. रेसमध्ये ती करवतीच्या दात्यांसारखी असते: वीस सेकंद काहीच नाही, मग दहा सेकंद जीव तोडून, मग पुन्हा काहीच नाही. सरासरी बघितली तर तुमच्या रोजच्या राइडपेक्षा कमी भरेल, आणि तरीही पाय संपलेले असतील.

घोळक्यात आडोसा किती मिळतो याचा आधी अंदाज येत नाही. २०१८ मध्ये आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठातल्या बर्ट ब्लोकन यांच्या गटानं १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. आत खोलवर बसलेल्याला हवेचा विरोध एकट्याच्या तुलनेत फक्त ५ ते १० टक्के होता. तो व्यावसायिकांसारखा खांद्याला खांदा लावलेला घोळका, आपला हौशी घोळका जागोजागी उसवलेला. तेवढा फायदा धरू नका. पण नुसतं एकाच्या चाकामागे चिकटून राहिलं तरी सुमारे तिसरा हिस्सा मेहनत वाचते.

आमचं १२ किलोमीटरचं सर्किट होतं, सात फेऱ्या, साठेक जण. मध्ये दीड किलोमीटरचा चढ. आठवडाभर मला त्या चढाचीच धास्ती होती. प्रत्यक्षात चढावर मी दर वेळी टिकलो. माझा घात केला एका काटकोनी वळणानं.

होतं असं की पुढचा माणूस ब्रेक न लावता ताशी तीसच्या वेगानं वळण घेतो. त्याच्या मागचा ब्रेकला नुसतं बोट लावतो. त्याच्या मागचा जरा जास्त. असं करत करत पन्नासाव्यापर्यंत वेग १८ वर आलेला असतो, आणि तो वळणातून बाहेर पडतो तेव्हा पुढचे चाळिशीत पोचलेले असतात. रबर ताणून सोडावं तसं शेपूट मागे राहतं आणि मग फटक्यासारखं पुढे ओढलं जातं. अशी चार वळणं, सात फेऱ्या: म्हणजे मागच्याला सीटवरून उठून २८ स्प्रिंट. पहिल्या दहांतल्याला यातलं काही कळतही नाही, तो शेजारच्याशी गप्पा मारत असतो.

आणि मी मागे का होतो? भीतीनं. चाकाला चाक लागेल, कुणी पडेल, मागे आपलं आपण सुरक्षित. हा शुद्ध गैरसमज. पुढे कुणी पडलं तर ते मागच्याला सगळ्यात उशिरा दिसतं. दुसऱ्या फेरीत तर मी उलटं टोक गाठलं: चुकून सगळ्यांच्या पुढे आलो आणि मान ठेवायचा म्हणून वारा अंगावर घेत अख्खा एक किलोमीटर सगळ्यांना ओढलं. कुणीही पुढे आलं नाही. कशाला येतील?

पाचवी फेरी, तिसरं वळण. माझ्यापुढे राखाडी जर्सीवाला. त्याच्या चाकापासून अर्ध्या मीटरवर असलात की वारा बंद पडल्यासारखा वाटतो, फक्त चेनची घरघर ऐकू येते. वळणातून बाहेर पडताना मी चुकीच्या गिअरमध्ये होतो, एक पॅडल जड गेलं, आणि वारा पुन्हा कानांत घोंघावायला लागला. अंतर दोन मीटर. मी उठलो, ३८० वॅट, अंतर तेवढंच. तीन मीटर. मग त्यानं मागे वळून बघितलं आणि त्या बघण्यात मला कळलं की संपलं. अर्ध्या मिनिटानं घोळक्यामागून चालणारी स्पर्धेची गाडी मला ओलांडून घोळक्याच्या मागे गेली.

तर लक्षात ठेवायचं ते हे: वाऱ्याचा आवाज कानांत परत आला की तुमच्या हातात पाच-दहा सेकंद असतात. तेव्हाच सगळं ओता, नंतरसाठी राखू नका. दोन मीटर भरून काढता येतात, वीस नाही.

त्याहून बरं म्हणजे ती वेळच येऊ न देणं. वळणाआधीच्या सरळ रस्त्यावर, सगळे निवांत असताना, पाच-सहा जागा पुढे सरका. म्हणजे वळणात तेवढ्या घसरलात तरी शेपटाला जाणार नाही. गिअर वळणाआधी हलका करा. नजर समोरच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या कमरेच्या बाजूनं पुढच्या तीन-चार जणांवर ठेवा. आपलं पुढचं चाक कुणाच्याही मागच्या चाकाच्या शेजारी आणू नका. घासलं तर पुढचा बहुतेक वेळा सावरतो, मागचा पडतो. आडवा वारा असेल तर आडोसा मागे नसतो, तिरका बाजूला असतो. अशा वेळी रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढेच लपतात, बाकीचे कडेनं एका ओळीत उघडे पडतात. त्या ओळीत असाल तर पुढे जायची घाई करा.

अजून एक गोष्ट, जिची कबुली द्यायला मला लाज वाटते. पहिल्या दीड तासात मी अर्धी बाटली प्यायलो. घोळक्यात एक हात सोडायची भीती वाटत होती. अशा रेसला तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवीत, आणि सुरुवात पहिल्या अर्ध्या तासात. त्या जड गेलेल्या पॅडलमागे निम्मा हात त्या अर्ध्या बाटलीचा असणार. महिनाभर आधीपासून बोलता बोलता, रस्त्याकडे बघत, न चाचपडता बाटली काढायचा आणि परत ठेवायचा सराव करा.

सुटल्यावर काय? थांबू नका. मागून माझ्यासारखेच तिघे आले. आम्ही पुढे राहून वारा झेलायच्या अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या पाळ्या लावल्या. एक जण पाळी चुकवायचा, त्याच्यावर बाकीच्या दोघांनी आणि मी मिळून यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्या शेवटच्या २५ किलोमीटरांत मी घोळक्यातल्या ५० पेक्षा जास्त शिकलो. शेवटच्या फेरीत आम्ही चौघं ४१ व्या नंबरासाठी असे भिडलो की पोडियमवाल्यांना लाज वाटावी. मी ४३ वा.

आता चाकं. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्यानं हात पुढे टेकायचे एअरो बार लावले होते, आघाडीवरचा लोराँ फिन्यों उघड्या डोक्यानं, केसांची पोनी उडवत निघाला. लेमाँडनं अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. लोक ही गोष्ट महागडं सामान घ्यायला आधार म्हणून सांगतात. पण हवा अडते ती मुख्यतः तुमच्या अंगाला. चाकांचा वाटा त्यामानानं थोडा. कोपरं वाकवून खाली हॅंडल धरून तासभर बसता येतंय का ते आधी बघा, ते फुकट आहे. राहिलेले रविवार कुठल्याही ग्रुपबरोबर दाटीत चालवा.

आणि जर्सीवरचा नंबर चार पिनांवर भागवू नका, आठ लावा. माझा चारच पिनांवर होता, आणि शनिवारी परतीच्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगून पाठीवर फडफडत होता. पिना लावताना जर्सी अंगात असू द्या आणि वाकून बसा, दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा. उभं राहून लावला की सायकलवर वाकल्यावर जर्सी ताणते आणि तो फाटतो.