रात्री दोनला फ्रिज का बंद पडतो?

प्रश्न : ठाण्याहून व्हॅन घेऊन पवना तलावाकाठी मुक्कामाला जातो. 100 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची बॅटरी नवी आहे, तरी 12 व्होल्टचा फ्रिज मध्यरात्री बंद पडतो. बॅटरी बदलू का?
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : थांबा, बॅटरीवर खर्च नको. कॉम्प्रेसर चालू असताना मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टोकांवर आणि लगेच फ्रिजच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर 12.3 आणि प्लगवर 11.6 दिसलं, तर दोष वायरीचा. फ्रिजचा प्लग गाडीच्या ज्या लायटर सॉकेटमध्ये लावतात, त्याला बहुधा बारीक वायर असते. बॅटरी पाच मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर, 1.5 स्क्वेअर एमएमच्या वायरीत 5 अँपिअरला सुमारे 0.6 व्होल्ट तिथेच जातात. फ्रिजला वाटतं बॅटरी उतरली, आणि तो स्वतःला बंद करतो. सॉकेटमधली स्प्रिंग काळवंडलेली, प्लगचं टोक गरम लागत असेल तर संशय पक्काच. 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर थेट बॅटरीपासून ओढा, 15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात बसवा. फ्यूज फ्रिजजवळ लावला तर मधल्या वायरीला संरक्षणच राहत नाही.

दोन्हीकडे सारखंच कमी आलं, तर मात्र बॅटरी अर्धवट चार्ज आहे. दोन-तीन तासांच्या प्रवासात ती भरत नाही. आदल्या रात्री घरीच चार्जरवर लावा. आणि कृपा करून फ्रिजसाठी रात्री इंजिन चालू ठेवून आत झोपू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.