फुकोवर सार्त्रचा प्रभाव होता का? फ्रेंच तत्त्वज्ञांमध्ये कोणाचा कोणावर प्रभाव पडला हे शोधायचं कसं?

सार्त्रपासून फुकोकडे सरळ बाण काढू नका एवढं आधी सांगते. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की दोघंही पॅरिसचे, दोघंही डावे, दोघंही मोर्चात दिसतात, म्हणजे प्रभाव असणारच. याच एका वाक्यापायी माझ्या एमफिलचं अख्खं प्रकरण गेलं, म्हणून लिहायला बसलेय, लांबलं तर लांबू दे.

माझा विषय फुकोच होता. दिवसा लायब्ररी आणि संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंचचा क्लास असं चाललेलं. त्यात जॉर्ज कांगिलेम या वैद्यकावर लिहिणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या 'नॉर्मल आणि पॅथॉलॉजिकल' या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद हाती लागला, झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग केलेला, कुणीतरी आधीच पेन्सिलने खुणा केलेल्या. त्याला फुकोची प्रस्तावना आहे, १९७८ ची. त्यात तो फ्रेंच तत्त्वज्ञानात चक्क दोन घराणी सांगतो. एक अनुभव, अर्थ आणि कर्ता यांचं, त्यात सार्त्र आणि मर्लो-पाँटी. दुसरं ज्ञान, तर्क आणि संकल्पना यांचं, त्यात कावायेस, बाशलार, कोयरे आणि कांगिलेम. आणि वाचताना स्पष्ट कळतं की हा माणूस स्वतःला दुसऱ्या घराण्यातला समजतोय. मी ते दुकानात उभ्या उभ्याच वाचलं आणि माझ्या प्रबंधाचा सांगाडा तिथेच ठरला.

मग सेमिनारमध्ये प्रकरण मांडलं. आमचे गाइड म्हणाले, "कांगिलेमला कोण ओळखतं? सार्त्र घ्या. कोझेव्हच्या हेगेलवरच्या वर्गात सार्त्र बसायचा, तिथून तो प्रवाह पुढे सगळ्यांत आला, फुकोतसुद्धा." (कोझेव्ह म्हणजे पॅरिसमध्ये जर्मन तत्त्वज्ञ हेगेल शिकवणारा.) मी म्हटलं, सर, कोझेव्हचे वर्ग १९३३ ते १९३९. त्यातलं पहिलं वर्ष सार्त्र बर्लिनमध्ये जर्मन तत्त्वज्ञ हुसर्ल वाचत होता, परत आल्यावर ल हाव्हरच्या शाळेत शिकवत होता. लाकाँ, बताय, क्नो, मर्लो-पाँटी ही नावं वर्गाच्या याद्यांत आहेत, सार्त्रचं नाही. यावर सर म्हणाले, "कोण कुठल्या बाकावर बसलं हे गॉसिप आहे, फिलॉसॉफी नाही." खोलीत आठ-दहा जण होते, कुणी काही बोललं नाही. कांगिलेमचं प्रकरण काढावं लागलं, त्या जागी 'सार्त्र ते फुको' असं काहीतरी तीन आठवड्यांत लिहून दिलं आणि डिग्री मिळाली. त्या प्रकरणावर माझं नाव आहे, आजही ते उघडून बघवत नाही.

म्हणजे गंमत बघा, बाक मध्ये आणला तो सरांनीच, सार्त्र कोझेव्हच्या वर्गात बसायचा म्हणून. मी खरा बाक दाखवला तर ते गॉसिप. आणि आपल्याकडे गायकाबद्दल पहिला प्रश्न काय असतो? तालीम कुणाकडे झाली? त्याला कुणी गॉसिप म्हणत नाही. मग फुकोची तालीम बघा ना. १९५१ ला आग्रेगासिओंच्या, म्हणजे शिक्षक निवडायच्या फ्रेंच स्पर्धापरीक्षेच्या, तोंडी परीक्षेत त्याच्या वाट्याला 'लैंगिकता' हा विषय आला, तो सुचवणारा परीक्षक कांगिलेम. १९६१ ला वेडेपणाच्या इतिहासावरचा प्रबंध, त्याचा अहवाल लिहिणारा कांगिलेम. १९६३ ला क्लिनिकच्या जन्मावरचं पुस्तक ज्या मालेत निघालं तिचा संपादक परत कांगिलेमच.

बरं, हे नुसतं ओळखीपाळखीचं नाही, विचार तिथूनच आलेला दिसतो. कांगिलेमने १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, हे पुस्तक मुळात मेडिकलचा प्रबंध म्हणून लिहिलं. त्यात मधुमेहाचं उदाहरण आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नारचं म्हणणं, आजार म्हणजे निरोगी अवस्थेतलीच गोष्ट कमी किंवा जास्त झालेली, साखर प्रमाणाबाहेर गेली एवढंच. कांगिलेम म्हणतो, नाही. आजारी माणूस वेगळ्याच पद्धतीने जगत असतो, त्याचं जग आक्रसतं, आणि नॉर्मल काय हे सरासरी काढून ठरत नाही, जगणारा जीव स्वतः ते ठरवत असतो. आता हाच प्रश्न शरीरातून बाहेर काढा आणि हॉस्पिटल, शाळा, तुरुंग यांना विचारा की नॉर्मल कोण ठरवतं, की झालात तुम्ही १९७५ च्या, तुरुंगावर पुस्तक लिहिणाऱ्या फुकोपाशी. यात सार्त्र कुठे आला?

आणि प्रभाव एकाच दिशेने जातो असंही नाही. कांगिलेमने १९६६ ला त्याच पुस्तकाला नवा भाग जोडला, त्यात सामाजिक नियमांची चर्चा आहे आणि बिशा या शरीररचनाशास्त्रज्ञावर फुकोने लिहिलेल्या पानांचं मनापासून कौतुक आहे. गुरू शिष्याचं वाचून आपलं जुनं पुस्तक पुढे नेतोय! हे मला त्या प्रकरणात लिहायचं होतं.

तर शोधायचं कसं, तर असं. प्रबंधाचा परीक्षक कोण, पुस्तक कुणाला अर्पण केलंय, कुठल्या मालेत निघालं, कुणाच्या जागेवर कोण आलं हे आधी बघा, मग संकल्पना ताडून बघा. नुसतं साम्य दिसलं की प्रभाव म्हणू नका. मार्क्सवादी तत्त्वज्ञ आल्त्युसेरचं सोपं आहे, ज्ञानात पडणारा खंड, म्हणजे विज्ञान जुन्या समजुतींपासून तुटून वेगळं होणं, ही कल्पना बाशलारकडून घेतली हे तो स्वतःच सांगतो, सगळे इतके सरळ नसतात. तुमचे गाइड म्हणाले की 'हे सगळ्यांना माहीत आहे', तर नम्रपणे पान नंबर मागा. मी मागितला नाही, तुम्ही मागा.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. १९७८ ची ती वंशावळ फुकोने स्वतः मांडलेली आहे, आणि स्वतःचं घराणं सांगताना माणूस निवड करतोच, म्हणून तीसुद्धा तपासूनच घ्यायची. शिवाय देल्यूझ या तत्त्वज्ञासारखं उदाहरण असतं. आधीच्या पिढीतला तत्त्वज्ञ बर्गसाँ १९४१ ला गेला, देल्यूझचं बर्गसाँवरचं पुस्तक १९६६ चं, तिथे बाक वगैरे काही नाही, नुसतं वाचन आहे, तेव्हा माझी पद्धत सगळीकडे चालत नाही. आणि सार्त्र अगदीच शून्य असंही म्हणणार नाही. ज्याच्याशी भांडायचं तोही आपल्याला घडवतो. १९६६ ला सार्त्र म्हणाला की मार्क्सविरुद्ध बूर्ज्वा वर्गाला उभारता येईल अशी शेवटची तटबंदी म्हणजे फुको. पुढच्याच वर्षी लेख लिहून फुकोच्या बाजूने उभा राहिला तो कांगिलेम, ज्याला कोणी ओळखत नाही तो.

तुम्हाला सुरुवात करायचीच असेल तर २ डिसेंबर १९७० ला पॅरिसच्या कोलेज द फ्रान्स या संस्थेत फुकोने दिलेलं पहिलं व्याख्यान घ्या, छोटंसं आहे. सुरुवातीला तो म्हणतो की माझ्या आधी एखादा आवाज बोलत असता आणि मला त्यात नुसतं मिसळता आलं असतं तर बरं झालं असतं. शेवटाकडे तो आभार मानतो, पुराणकथांचा अभ्यासक द्युमेझिलचे, कांगिलेमचे, आणि मग सांगतो की तो आवाज इपोलितचा. इपोलित म्हणजे त्याला शाळेत हेगेल शिकवणारा, ज्याची जागा आता त्याला मिळाली होती तो. सार्त्र त्या यादीत नाही. ते शेवटचं पान मला त्या सेमिनारनंतर वर्षभराने सापडलं.