लहान मुलांना ‘प्रकाश म्हणजे काय’ हे कसं समजावून सांगावं?

तुमच्या तिसरीतल्या मुलानं ‘प्रकाश म्हणजे काय?’ असं विचारलं, तुम्ही ‘ऊर्जेचा एक प्रकार’ म्हणालात आणि लगेच ‘मग ऊर्जा म्हणजे काय?’ असा पुढचा प्रश्न आला, असं तुम्ही लिहिलंय. मी सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवते. वर्गातही गाडी नेमकी इथेच अडते. म्हणून माझं ठाम मत सांगते: व्याख्या तूर्त बाजूला ठेवा आणि ‘आपल्याला दिसतं कसं?’ इथून सुरुवात करा. एवढं एक नीट कळलं, की सावली, आरसा, रंग हे सगळं त्याच्या मागोमाग येतं.

मुलांना विचारून बघा, ‘समोरचा तांब्या तुला कसा दिसतो?’ बहुतेक जण म्हणतात, ‘मी त्याच्याकडे बघतो म्हणून.’ दिवा खोली उजळतो आणि डोळे बघतात, ही त्यांच्या लेखी दोन वेगवेगळी कामं असतात. यात त्यांचं काही चुकतं असं समजू नका. प्राचीन ग्रीसमधल्या युक्लिडसारख्या विद्वानालाही डोळ्यातून किरण निघतात असं वाटायचं आणि आपल्याकडच्या न्यायदर्शन या जुन्या तत्त्वज्ञानातही तसंच मत होतं. साधारण हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञांनी प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो हे नीट मांडलं. त्यांचा एक मुद्दा लेकरांना फार पटतो: प्रखर उजेडाकडे पाहिलं की डोळे दुखतात, म्हणजे बाहेरून काहीतरी आत येत असणार.

आता चपलेचा रिकामा खोका घ्या. एका बाजूला पेन्सिलीएवढं भोक पाडा, आत एखादं खेळणं ठेवा, झाकण लावून कडेच्या फटी चिकटपट्टीनं बंद करा. भोकाला डोळा लावला की आत मिट्ट काळोख. ‘थोडा वेळ थांबलास तर दिसेल का?’ असं आवर्जून विचारा. बरीच मुलं हो म्हणतात, कारण लाईट गेली तरी घरात कुठून ना कुठून उजेड येतच असतो आणि डोळे सरावतात, हा त्यांचा रोजचा अनुभव. थांबू द्या त्यांना. मग झाकण बोटभर उचला. खेळणं दिसतं. उजेड आत गेला, खेळण्यावर आपटला आणि भोकातून डोळ्यात आला, हे तुम्ही सांगण्याआधीच मूल सांगतं.

प्रकाश सरळ जातो हे दाखवायला दुपारी खिडकी जवळजवळ बंद करून एक फट ठेवा आणि उदबत्ती लावा. धुरात तिरीप सरळ रेषेत उठून दिसते. धूर विरला की रेषाही जाते, उजेड मात्र भिंतीवर तसाच राहतो. इथे विचारायचं, ‘डोळ्यात काय आलं?’ धुरावर आपटलेला उजेड.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, कवडसे. आमच्याकडे पत्र्याची घरं पुष्कळ. पत्र्याला खिळ्याचं भोक असतं, कधी गंजून पडलेलं वाकडंतिकडं भोक असतं, पण दुपारी जमिनीवर पडणारा कवडसा गोलच. कडुलिंबाखाली बघा, पानांमधल्या फटी नाना आकारांच्या, तरी खाली गोल ठिपके. का? मुलांना इथे मनसोक्त भांडू द्या. उत्तर असं, की कवडसा ही सूर्याची प्रतिमा आहे. सूर्याच्या प्रत्येक भागातून येणारा उजेड भोकातून सरळ जातो आणि जमिनीवर आपापल्या जागी पडतो. सगळे मिळून सूर्याचा आकार तयार होतो, तोही उलटा.

हे शाळेच्या पटांगणात मोठ्या प्रमाणावर करता येतं. लहान आरशावर कागद चिकटवायचा आणि कागदाला साधारण अर्ध्या सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापायची. उन्हाचा झोत सावलीतल्या भिंतीवर पाडायचा. आरसा भिंतीपासून वीतभर लांब असला तर ठिपका चौकोनी. मागे मागे सरकत गेलं की कोपरे विरघळतात आणि १० मीटरवर भिंतीवर स्वच्छ गोल पडतो. त्याची रुंदी पट्टीनं मोजा, ९ ते १० सेंटिमीटर भरते. म्हणजे अंतराच्या साधारण एकशेआठावा भाग. किरण सरळ जातात, म्हणून सूर्याची रुंदीही त्याच्या अंतराच्या तेवढाच भाग असते. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे; १५ कोटींना १०८ नं भागलं की जवळजवळ १४ लाख किलोमीटर येतात. हाच सूर्याचा व्यास! तिसरीतल्या मुलाला भागाकार तुम्ही करून द्या, सहावी-सातवीतली मुलं स्वतः करतात. शाळेच्या भिंतीवर पट्टी लावून आपण सूर्य मोजला हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आरसा कुणाच्याही डोळ्यांवर मारायचा नाही आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे मात्र आधीच दरडावून सांगा.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. त्या दिवशी ऊन मिळालं तर झाडाखालचे हेच ठिपके एका बाजूनं चावा घेतल्यासारखे दिसतील. कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमा याचा याहून चांगला पुरावा नाही.

रंगांसाठी आम्हाला लांब जावं लागत नाही. चादरीच्या दुकानात पारखी गिऱ्हाईक चादर उचलून दारात, उन्हात नेऊन बघतं. आत ट्यूबलाईटखाली एकसारख्या वाटलेल्या दोन मरून शेड बाहेर वेगळ्या निघू शकतात. सूर्यप्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात, ट्यूबलाईटमध्ये ते मिश्रण वेगळं असतं. कापड त्यातले काही रंग शोषतं आणि उरलेले परत पाठवतं. परत आलेला तो उजेड म्हणजे आपल्याला दिसणारा रंग. घरी करायचं तर टॉर्चला लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या बांधा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि लाल-हिरव्या नक्षीच्या चादरीवर तो उजेड पाडा. हिरवी नक्षी काळपट दिसते, कारण तिला परत पाठवायला हिरवा उजेड मिळतच नाही. कोऱ्या कागदावर लाल स्केचपेननं नाव लिहून ठेवलं असेल तर ते जवळजवळ गायब होतं.

वेगाचा आकडा मुलांना आवडतो म्हणून सांगा: सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. पावसाळ्यात वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायला लावा. दर ३ सेकंदांना साधारण १ किलोमीटर अंतर, कारण वीज दिसायला वेळ जवळजवळ लागतच नाही, आवाजाला मात्र लागतो.

लहरी, कण, फोटॉन हे तिसरीत नको. मुलानं शब्द कुठून तरी ऐकून विचारलाच तर ‘प्रकाश काही प्रयोगांत लाटेसारखा वागतो, काहींत कणांसारखा, ते प्रयोग आपण तू मोठा झाल्यावर करू’ एवढं सांगा. हे खरं उत्तर आहे आणि मुलाला ते पुरतं.

आणखी एक, तुम्ही सोलापूरचेच आहात म्हणून. मे महिन्यात १० तारखेच्या आसपास सूर्य भर दुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो. १२ वाजून २० ते २५ मिनिटांच्या सुमारास अंगणात सपाट जागी तांब्या ठेवा, सावली त्याच्या बुडाखाली जाते. ऑगस्टच्या सुरुवातीलाही हा योग येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणून मे महिन्याचाच धरा. एक-दोन दिवस आधीपासून रोज त्याच वेळी खडूनं सावलीची कड आखायला लावा आणि डोक्यावर टोपी घालायला विसरू देऊ नका.