कथेत स्त्रीसत्ताक समाज रंगवून भूमिका उलट्या केल्या, तर तीही लिंगभेदी ठरते का?

आपोआप नाही, टोला कोणाला बसतो यावर ते ठरतं. रुकैया सखावत हुसेन यांच्या १९०५ सालच्या ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये बायका राज्य चालवतात आणि पुरुष मर्दान्यात, म्हणजे घरातल्या पुरुषांसाठीच्या भागात, कोंडलेले असतात. चटका बसतो तो पडद्याच्या प्रथेला, कारण ‘पुरुषांना असं का कोंडायचं?’ असं वाटलं, की बायकांना जनान्यात का कोंडतात, हाही प्रश्न पडतो. गर्ड ब्रांटेनबर्ग यांच्या १९७७च्या नॉर्वेजियन कादंबरीत पुरुषांना खास अंतर्वस्त्र सक्तीचं आहे. आधी हसू येतं, मग ब्रेसियर आठवते! पण उलटापालट हाच आदर्श म्हणून मांडला, तर गडबड होते. हुसेन यांच्या कथेत पुरुष कोंडल्यावर चोऱ्या, खून थांबतात. उपहास म्हणून ते झकास आहे, पण शब्दशः घेतलं तर ‘पुरुष जात्याच वाईट’ हा पूर्वग्रहच.