वेबसाइटचे दीड लाख राहू द्या, आधी एक शीट उघडा

प्रश्न असा आहे: "तालुक्याच्या गावी आमची मुलांच्या वसतिगृहाची छोटी संस्था आहे. व्हॉट्सॲपवर ४०० लोक जोडलेले आहेत, पण निधी मागितला की सगळे हात जोडल्याची इमोजी टाकून गप्प बसतात. वेबसाइट आणि ॲप करून द्यायला एकजण दीड लाख मागतोय. करावं का?"

नका करू. निदान आत्ता तरी नको.

मी पुण्यात नोकरी करतो आणि गेली नऊ वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका हंगामी वसतिगृहाचा हिशोब आणि देणगीदारांचा पत्रव्यवहार सांभाळतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं आमच्याकडे असतात. दिवाळीच्या आगेमागे आईबाप मुकादमाबरोबर निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, मुलं वसतिगृहात राहतात. म्हणजे खर्च सगळा पाच-सहा महिन्यांत अंगावर येतो आणि उरलेलं वर्षभर लोक आम्हाला विसरलेले असतात. हात जोडल्याच्या इमोजी आम्हीही पोत्यानं गोळा केल्या आहेत.

चूक आमचीच होती. ग्रुपवर आम्ही फक्त दोन गोष्टी टाकायचो: मुलांचे फोटो आणि "सढळ हस्ते मदत करा". आता सढळ म्हणजे किती? कुणाला? कधीपर्यंत? वाचणाऱ्यानं करायचं काय, हे त्यात कुठेच नव्हतं. मग तो नमस्कार करणार, दुसरं काय करणार!

एका डिसेंबरात थंडी जास्त पडली आणि रजया कमी पडल्या. त्या वेळी कंटाळून मी आवाहन लिहिलंच नाही. गूगल शीट उघडली, गरजा एकाखाली एक टाकल्या आणि लिंक ग्रुपवर दिली. रजई, नग ५. रजई, नग ५. तूरडाळ, ३० किलो. गॅस सिलिंडर, १. दहावीच्या मुलांना रविवारी फोनवर गणित शिकवणारा माणूस, १. समोर दोन रकाने: "कोण घेणार" आणि "कधीपर्यंत". एकूण ३१ ओळी होत्या. पहिलं नाव एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पडलं. त्यांनी तीन ओळी घेतल्या आणि पुढे लिहिलं, "सोसायटीतून गोळा करून एसटीच्या पार्सलनं पाठवते." रात्री अकरापर्यंत चारच ओळी रिकाम्या होत्या. नावं लिहिणाऱ्यांतल्या निम्म्यांनी आधी आम्हाला एक रुपयाही दिलेला नव्हता.

यात नवीन काही नाही, हे मला नंतर कळलं. आमच्याकडे हरिनाम सप्ताह असाच पार पडतो. सोमवारची पंगत कुणाची, काल्याचा प्रसाद कुणाकडे, मंडपाचे पैसे कोण देणार, हे आधीच यादीत लिहिलेलं असतं आणि ती यादी देवळात सगळ्यांना दिसते. शेजाऱ्यानं एक पंगत घेतली हे वाचून दुसरा पुढे येतो. ज्याची ऐपत नाही तो वाढायला उभा राहतो, आणि त्याचंही नाव यादीत असतं. शीट म्हणजे तीच यादी, फक्त ती ठाण्यातून आणि दुबईतूनही दिसते.

म्हणून माझा सल्ला पैशांपासून सुरू होत नाही. तुमच्या ४०० जणांना आधी काम वाटा. घरबसल्या होणारी कामं भरपूर असतात. कंपनीच्या सीएसआर विभागाला, म्हणजे सामाजिक कामाला निधी देणाऱ्या विभागाला, जाणारं पत्र नीट इंग्रजीत करून देणं, वर्षभराचे फोटो लावून ठेवणं, जुन्या देणगीदारांना फोन करणं, मुलांना गणित शिकवणं. आमच्याकडे सगळ्यात टिकलेलं काम म्हणजे पावत्यांचं. चारजण आहेत: नाशिक, ठाणे, बेळगाव आणि दुबई. एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. देणगी जमा झाल्याची नोंद मी केली की त्यांच्यापैकी कुणीतरी २४ तासांत पावती पाठवतो, आणि सोबत दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहितो. छापील आभारपत्रापेक्षा त्या दोन ओळींनी आम्हाला जास्त माणसं परत आणून दिली आहेत.

शीटचा एक फटकाही सांगतो, म्हणजे तुम्हाला बसणार नाही. एका उत्साही कार्यकर्त्यानं देणगीदारांची नावं अकारविल्हे लावली. पण फक्त नावांचा रकाना निवडून! रकमा जागच्या जागी राहिल्या, नावं हलली. पावतीवाल्यांना कळायच्या आत ३८ पावत्या चुकीच्या गेल्या. ५०१ देणाऱ्या आजोबांना ११,००० ची पावती मिळाली आणि ते घाबरून फोन करत होते, "अहो, मी एवढे कधी दिले?" शीटच्या जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतात, म्हणून मूळ यादी परत मिळाली. माफीची पत्रं मात्र हातानं लिहावी लागली. तेव्हापासून हिशोबाची शीट बाकीच्यांना फक्त पाहता येते, बदल करायचा हक्क दोघांनाच. गरजांची शीट सगळ्यांना खुली. आणि खुल्या शीटमध्ये कुणाचाही फोन नंबर किंवा मुलांची नावं नाहीत.

मोठ्या पातळीवर हे पाहायचं तर पानी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा आठवा. २०१६ मध्ये ती फक्त ३ तालुक्यांत झाली, वरूड, आंबेजोगाई आणि कोरेगाव. २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत पोचली. आमिर खानचं नाव आणि टीव्ही होता, हे खरंच, आणि तुमच्या-माझ्याकडे ते नाही. तरी त्यातली एक युक्ती उचलण्यासारखी आहे. शहरातल्या माणसाला त्यांनी ऑनलाइन नाव नोंदवून "जलमित्र" केलं आणि १ मेच्या महाश्रमदानाला कुदळ-फावडं हातात दिलं. एका दिवसाच्या श्रमदानानं किती पाणी मुरलं हा हिशोब बाजूला ठेवा. पण ज्यानं एकदा उन्हात बांध घातला, तो त्या गावाचा झाला. माझ्या एका मित्राच्या गावात त्या वेळी खोदाईचं मशीन मिळालं, पण डिझेलला पैसे नव्हते. ते पैसे पुण्या-मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या ग्रुपवरून आले. रोज संध्याकाळी आज किती लिटर जळलं आणि किती मीटर चर खोदला, एवढंच तिथं टाकलं जायचं. भावनिक असं एक वाक्यही नव्हतं.

आता पैशांचं. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण छोट्या संस्था इथेच अडकतात.

क्यूआर कोड ट्रस्टच्या नावाच्या बँक खात्याचाच हवा. सचिवांच्या वैयक्तिक नंबरवर पैसे घेणं आज सोयीचं वाटतं, पण ऑडिटला आणि धर्मादाय कार्यालयात ते निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. कोडखाली खात्याचं नाव अक्षरात छापा आणि "पैसे पाठवताना हेच नाव दिसलं पाहिजे" असं लिहा. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाल्यावर लगेच त्याच्यासारखाच दिसणारा खोटा यूपीआय पत्ता फिरू लागला होता. खऱ्यात "केअर्स" होतं, खोट्यात "केअर". एका अक्षराचा फरक! सरकारी निधीची ही गत, तर आपल्या कोडचा फॉरवर्ड झालेला फोटो कोण तपासणार?

यूपीआयनं पैसे येतात, पण माणूस कळत नाही. बँकेच्या उताऱ्यात एक क्रमांक आणि अर्धवट नाव असतं. ८० जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकराची, सवलत द्यायची तर पॅन आणि पत्ता लागतो. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेला देणगीदारांचा तपशील आयकर खात्याच्या १० बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरावा लागतो, त्यातूनच देणगीदाराला १० बीई प्रमाणपत्र मिळतं. म्हणून क्यूआर कोडच्या शेजारी एका छोट्या फॉर्मची लिंक ठेवा: नाव, पॅन, पत्ता, रक्कम, व्यवहार क्रमांक. पाचच रकाने. सहावा टाकलात की लोक मध्येच सोडून देतात. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी सवलतीला चालत नाही, तेही आधीच सांगा. आणि "८० जी उपलब्ध" याच्यावर फार भिस्त ठेवू नका. पुष्कळ नोकरदार नव्या करप्रणालीत गेलेत आणि तिथे ही वजावटच नाही.

दरमहा ठरावीक रक्कम आपोआप वळती होणारं यूपीआय ऑटोपे २०२० मध्ये आलं. ते साध्या क्यूआर कोडवर होत नाही, पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा, घ्यावी लागते. तुमच्याकडे खर्च करायला पैसे असतीलच तर ते यावर करा. वर्षातून एकदा ५,००० देणाऱ्यापेक्षा दरमहा ३०० देणारा मला जास्त मोलाचा वाटतो, कारण मार्च महिन्यात डाळ कुठून आणायची हे मला नोव्हेंबरातच कळतं.

अमेरिकेतल्या भाच्याकडून थेट पैसे घेण्याआधी थांबा. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्गे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र ती विदेशीच, मग तो दरवर्षी गणपतीला घरी येत असला तरी. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या ओसीआय कार्डानंही फरक पडत नाही. अशा पैशांना एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. म्हणून त्या पाच रकान्यांच्या आधी आम्ही फॉर्मवर एक हो-नाहीचा प्रश्न ठेवला आहे: "आपण भारतीय नागरिक आहात का?" काहींना तो बोचतो. बोचू दे.

केटो, मिलाप यांसारख्या क्राउडफंडिंगच्या साइट एका ठरावीक, संपणाऱ्या कामाला बऱ्या. छप्पर, बोअर, शस्त्रक्रिया. रोजच्या डाळ-भाताला तिथे कुणी विचारत नाही. आणि तिथे अनोळखी दाते वाट पाहत बसलेत असं समजू नका. पहिले पैसे तुमच्याच माणसांकडून, त्यांच्या नातेवाइकांकडून येतात. पन्नास जणांनी आपापल्या वीस जणांना स्वतः विचारलं तर साइटवरचं तुमचं पान हलतं, नाहीतर महिनाभर शून्यावर बसतं. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारे आपापल्या ओळखीत संस्थांसाठी पैसे गोळा करतात, तेही याच वाटेनं.

व्हॉट्सॲपची एक बारीक गोष्ट राहिली. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप फक्त ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच पोचतो. आम्ही दोन वर्षं ३०० जणांना पाठवत होतो आणि मिळत होता बहुधा साठ-सत्तर जणांना. आता पावतीसोबतच "हा नंबर जतन करा" असं लिहितो.

तुमच्या ४०० पैकी पहिल्या शीटवर वीसेक नावं येतील. कमी वाटतील, पण त्यांच्यावरच पुढच्या वर्षाचं काम उभं राहतं. ॲपवाल्याला सांगा, वर्षभरानं ये. आमच्या शीटचा रिकामा नमुना हवा असेल तर खाली लिहा, नावं-आकडे काढून देतो. फक्त त्यातला पावती क्रमांकाचा रकाना हलवू नका.