जुनी बग्गी खोलण्याआधी

प्रिय मित्रा,

फोटो पाहिले. टामिया या जपानी कंपनीची हॉर्नेटच आहे, रिमोटवर चालणारी खेळण्यातली बग्गी, आणि मळलेली असली तरी बरीचशी शाबूत दिसते. आता ती खोलायला तुझे हात शिवशिवत असतील, पण थोडा धीर धर. आधी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढ, वायर कुठून कुठे गेली आहे तेही टिपून ठेव. मग एकच ठरव: ही गाडी पळवायची आहे की जशी आहे तशी जपायची आहे? पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

हे आवर्जून सांगतो, कारण टामियाने 1984ची ही बग्गी 2004मध्ये पुन्हा बाजारात आणली आणि तिचे नवे भाग सहज मिळू लागले. माझ्या मते जुन्या गाड्यांचं सर्वांत जास्त नुकसान याच सोयीने केलं आहे. लोक ओरखडे दिसले की चेसिस (गाडीचा सांगाडा) बदलतात, स्टिकर फाटला की बॉडी बदलतात, आणि शेवटी जुन्याचं काहीच उरत नाही. तसंच करायचं असेल तर सरळ नवं किट घ्यावं. जुन्या बग्गीत झिजणाऱ्या वस्तू बिनधास्त बदल: शॉक ॲब्सॉर्बरचे ओ-रिंग (रबरी कड्या), तेल, बेअरिंग, पळवायची असेल तर टायरही. बाकी काहीही काढलंस तरी टाकू नकोस. पिशवीत घाल, नाव लिही, गाडीबरोबर ठेव.

आता स्क्रू. जपानी किटमधले स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, मापाचे असतात. दिसायला आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखेच (अधिक-चिन्हाच्या खाचेचे), पण फिलिप्सचं टोक त्यांच्या खाचेत पूर्ण बसत नाही. जोर दिला की ते उसळून बाहेर येतं आणि खाच गुळगुळीत होते. तेव्हा पहिला खर्च चांगल्या जेआयएस स्क्रूड्रायव्हरवर कर. जोडतानाही एक सवय लाव. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू भोकात ठेवून आधी हलकेच उलटा फिरव. एका जागी तो ‘टक्’ करून किंचित खाली बसेल. तिथे जुना आटा सापडला. आता सुलटा फिरव. हे केलं नाही तर स्क्रू दर वेळी नवा आटा कापतो, आणि काही वेळा खोललं-जोडलं की त्या भोकात काहीच पकडत नाही.

बॉडी पॉलिकार्बोनेटची आहे, रंग आतून दिलेला. तिला ॲसिटोन किंवा थिनर लावू नकोस, बारीक तडे जाऊन ती कायमची जाते. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरे. ड्रायव्हरचा पुतळा आणि स्टिकर शक्यतो हलवू नकोस.

बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर असेल तर हातमोजे घाल. निकेल-कॅडमियम सेलमधून गळतो तो अल्कली. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने तो निष्प्रभ होतो, मग जागा पुसून पूर्ण वाळू दे. मूळचा मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग बदलणारा यांत्रिक स्विच) ठेवणार असलास तर 7.2 व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच वापर. दोन सेलची लिथियम-पॉलिमर पूर्ण चार्ज झाली की 8.4 व्होल्टपर्यंत जाते, आणि व्होल्टेज फार उतरलं तर पुरवठा तोडण्याची सोय या जुन्या कंट्रोलरमध्ये नसते. बॅटरी मरते, कधी फुगते, आगही लागू शकते.

पुढची कुठली घ्यावी, असं विचारलंस. टामियाचीच 1983ची फ्रॉग मला फार आवडते, फक्त घेण्याआधी तिच्या मागच्या ॲक्सलची षटकोनी टोकं तपास. ती झिजून गोल होतात, हे तिचं जुनं दुखणं. शर्यतीच्या इतिहासाची ओढ असेल तर टीम असोसिएटेड या अमेरिकी कंपनीची आरसी10 बघ, तीही 1984चीच. तिचा सोनेरी ॲल्युमिनियमचा चेसिस एकदा हातात घेशील तर ती शर्यतीसाठीच बनली होती हे सांगावं लागणार नाही. 1985मध्ये 1:10 (खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या) ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिच्या टू-व्हील (दोनच चाकांना मोटरची ताकद मिळणाऱ्या गाड्यांच्या) गटात हीच जिंकली. टामियाच्या 1988च्या अव्हांतेच्या मागे मात्र इतक्यात लागू नकोस. सुंदर गाडी आहे, पण रचना गुंतागुंतीची आणि अर्धवट मिळाली तर हरवलेला एकेक भाग शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

गिअरबॉक्स सर्वांत शेवटी उघड. त्याचे स्क्रू सगळे एकाच लांबीचे असतील असं धरून चालू नकोस; पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेव. जुनं ग्रीस पुसल्यावर दात नीट दिसतील असा जवळून फोटो पाठव. टोकं धारदार झाली असतील तर गिअर बदलू, नसतील तर तेच पुन्हा बसवू.

तुझा,
काका